तीन भाषा एकदम शिकताना "एक मागे पडली" असं सारखं वाटतंय? आधी वहीतला हिशेब तपासा

हा प्रॉब्लेम मला गेल्या चार वर्षांत निदान सहा वेळा आलाय, आणि आमच्या गोव्यातल्या पेडणे तालुक्यात गेस्टहाऊस, टॅक्सी, गाईड असली कामं करणारी जी जी पोरं दोन-तीन भाषांच्या मागे लागलीत त्यांनाही अगदी हाच येतो, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतोय. होतं काय, पहिले दोन महिने मस्त जातात, रोज काहीतरी नवीन हाताला लागतं, आणि मग एक दिवस पाहुणा काउंटरसमोर उभा राहतो आणि आपल्या तोंडातून शब्द फुटत नाही. किंवा रशियन सुधारली म्हणून खूश व्हावं तेवढ्यात कळतं की फ्रेंच पार गंजली, फ्रेंच घासूनपुसून घ्यावी तर पोर्तुगीज सुटते. वही उघडली तर वहीत सगळं भरलेलं असतं, तारखा, तास, धडे, बरोबरच्या खुणा. आणि तरी कुणी विचारलं "कुठपर्यंत आलं रे तुझं?" तर सांगता येत नाही.

माझं थोडक्यात सांगतो म्हणजे पुढचं कळेल. मोरजीला एका छोट्या गेस्टहाऊसच्या रिसेप्शनवर मी बसतो. ऑक्टोबर ते मार्च रशियन पाहुणे भरपूर, तेव्हा रशियन पोटापाण्याची. फ्रेंच पाहुणे त्यामानाने कमी, पण ती भाषा मला मनापासून आवडते. आणि पोर्तुगीज घरच्यासाठी, कारण आजोबांच्या वेळचं एक एस्क्रितूर आहे घरात, म्हणजे खरेदीखत, १९६१ च्या आधीचं, सगळं पोर्तुगीजमध्ये, आणि त्यातली एक ओळ समजून घ्यायची तरी दर वेळी कुणाच्या तरी दारात जावं लागायचं. तीन भाषा, तीन वेगळी कारणं. हे कारण वेगळं असणं किती महत्त्वाचं आहे ते मला फार उशिरा कळलं.

वहीत तुम्ही नक्की काय मोजताय

माझ्याकडे दुकानदारांची असते तसली लाल कापडी बांधणीची चोपडी होती. पानावर तीन रकाने पाडलेले, प्रत्येकात रोजचे तास. दोन महिन्यांनी बेरीज केली तर तिन्हीकडे ४० तास, आणि मी समाधानात की तिन्ही भाषा बरोबरीने चालल्यात. इथेच पहिली चूक आहे. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूट वर्षानुवर्षं अधिकाऱ्यांना भाषा शिकवते, त्यांच्या हिशेबात इंग्रजी बोलणाऱ्या माणसाला कामापुरती पोर्तुगीज किंवा फ्रेंच यायला वर्गातले साधारण ६०० ते ७५० तास लागतात आणि रशियनला ११०० च्या आसपास. म्हणजे सहाशेतले चाळीस आणि अकराशेतले चाळीस हे सारखे कसे होतील? मी रशियनला बरोबरीचा वेळ देत होतो आणि ती पोर्तुगीजच्या बरोबरीने येत नाही म्हणून स्वतःला दोष देत बसलो होतो.

अर्थात हे आकडे आपल्याला जसेच्या तसे लागू नाहीत, कारण आपण मराठीतून निघतो, इंग्रजीतून नाही. रशियनमध्ये भूतकाळात क्रियापद लिंगाप्रमाणे बदलतं, तो वाचायचा तर "चिताल", ती वाचायची तर "चिताला", हे इंग्रजीवाल्याला शिकावं लागतं, आपल्याला तो गेला ती गेली हे आईच्या मांडीवरच मिळालेलं आहे. "मला आवडतं" हे रशियनमध्येही "म्न्ये न्राव्हित्सा" म्हणजे सरळ "मला" पासूनच सुरू होतं. विभक्तीला घाबरायचं तर काहीच कारण नाही, शाळेत प्रथमा ते संबोधन पाठ केलेली माणसं आपण. पण मुद्दा तोच राहतो, तीन भाषांचे तास शेजारी शेजारी ठेवून तुलना करू नका. तास लिहायचे तर लिहा, पण ते फक्त खर्चाच्या बाजूला. खर्च किती झाला ह्यावरून माल किती आला ते कळत नाही.

दुसरी चूक शब्द मोजण्याची, आणि ही गोव्यात तर हमखास होते. पोर्तुगीजच्या पहिल्याच आठवड्यात मी वहीत ६० शब्द लिहिले आणि मला वाटलं ही भाषा तर आपल्याला येतेच. पाव, बटाटा, काजू, अननस, चावी, पगार, लिलाव, बालदी, घमेलं. हे शब्द कित्येक पिढ्यांपूर्वीच आपल्या घरात येऊन बसलेत, ते मी शिकलो नाही, मी फक्त ओळखले. शिवाय पगार हा तिकडे "पैसे देणे" असा क्रियापदाचा अर्थ आहे, महिन्याच्या शेवटी हातात येतो तो नव्हे. तर शब्दांचा आकडा लिहायचाच असेल तर मराठी शब्द बघून परका शब्द तोंडातून आला तेवढेच मोजा, परका बघून मराठी आठवला ते नको. शब्दांची कार्डं करायला अंकी नावाचं ॲप वापरत असाल तर कार्डं त्याच दिशेने बनवा आणि प्रत्येक भाषेचा गठ्ठा वेगळा ठेवा. एवढं एक केलं तरी आकडा झपकन निम्म्यावर येईल, त्याने खचू नका, तो खरा आकडा आहे.

आणि ॲपवरची रोजची साखळी. माझी एकदा २१४ दिवसांपर्यंत गेली होती. ती एवढंच सांगते की २१४ दिवस मी ॲप उघडलं. सवयीसाठी चांगली गोष्ट आहे, मी ती मोडा असं म्हणत नाही, फक्त तिला प्रगती समजू नका.

दोन भाषा एकमेकींत मिसळतात त्याचं वेगळं पान हवं

ही गोष्ट मी कधी विसरणार नाही. एका रशियन कुटुंबाला दूधसागरला जायचं होतं, बाईंनी सांगितलं "व फ्तोर्निक". मी रजिस्टरमध्ये सोमवार लिहिला. पहाटे पाच वाजता टॅक्सी दारात उभी, कारण कुळेंला जीप धरायची तर मोरजीहून तेवढं लवकर निघावंच लागतं, आणि वर खोलीत सगळे झोपलेले. ड्रायव्हर दादा अंधारात खाली उभे राहून मला म्हणाले, "आज न्हय मरे, फाल्यां!" म्हणजे आज नाही रे, उद्या. त्यांचा तो दिवस बुडाला असता, दुसरं भाडं मिळालं म्हणून निभावलं, पण मला दिवसभर चुटपुट लागली.

चूक कशी झाली बघा. पोर्तुगीजमध्ये सोमवार म्हणजे "सेगुंदा-फेइरा", सेगुंदा म्हणजे दुसरी, कारण ते वार रविवारपासून मोजतात. रशियनमध्ये "फ्तोर्निक" हाही दुसरा ह्याच शब्दावरून आलेला, पण तिथे मोजणी सोमवारपासून, म्हणून तो मंगळवार. पुढेही आकड्यावरून नाव पडलेले वार तसेच एकाने सरकलेले आहेत, पोर्तुगीज "क्वार्ता" म्हणजे चौथी ती बुधवार आणि रशियन "चित्व्येर्क" हा चौथा तो गुरुवार. मी दोन्ही भाषांत वार "दुसरा, चौथा" असेच लक्षात ठेवलेले, आणि त्याच महिन्यात पणजीच्या वर्गात पोर्तुगीज वार चालू होते. वहीत बघाल तर रशियन वार: पाठ. पोर्तुगीज वार: पाठ. दोन्ही खुणा बरोबरच होत्या हो, एकेकटं विचारलं असतं तर मी अचूक सांगितलं असतं. दोन्ही एका डोक्यात आल्यावर काय होतं ते वहीत कुठेच नव्हतं.

तेव्हापासून वहीच्या मागच्या बाजूने एक पान सुरू केलं, वर नुसतं "गल्लत" लिहिलंय. कुठल्या भाषेच्या जागी कुठली आली, कुठला शब्द, कुठल्या प्रसंगी. एवढंच. पहिल्या महिन्यात सतरा नोंदी झाल्या आणि त्यातल्या तेरा फ्रेंच बोलताना पोर्तुगीज येण्याच्या होत्या, उलट्या बाजूने जवळजवळ नाहीच. म्हणजे मला वाटत होतं फ्रेंच मागे जातेय, तर ती मागे जात नव्हती, नवीन आलेली पोर्तुगीज तिच्या दारात उभी होती. ह्याला औषध फ्रेंचचे तास वाढवणं हे नाहीच. मी दोन्ही एकाच संध्याकाळी करत होतो ते बंद केलं, फ्रेंच सकाळी आणि पोर्तुगीज एक दिवस आड रात्री, आणि दोन महिन्यांत नोंदी चारवर आल्या. जी मंडळी पोर्तुगीजबरोबर स्पॅनिश पण धरतात त्यांना तर हे पान लागणारच, "पोल्वो" पोर्तुगीजमध्ये ऑक्टोपस आणि स्पॅनिशमध्ये धूळ, रेस्टॉरंटात काम करत असाल तर विचार करा. माझं मत विचाराल तर इतक्या जवळच्या दोन भाषा एकाच वेळी शून्यातून सुरू करूच नयेत, एक जरा पायावर उभी राहू द्या.

मग मोजायचं काय: दर महिन्याच्या एक तारखेचं रेकॉर्डिंग

माझा प्रॉब्लेम खऱ्या अर्थाने सुटला तो ह्याने. महिन्याच्या एक तारखेला, फोनवर, प्रत्येक बोलायच्या भाषेत दोन मिनिटं बोलायचं. तयारी करायची नाही, शब्द बघायचे नाहीत, चुकलं तर परत पहिल्यापासून घ्यायचं नाही. आणि विषय कायम तेच तीन. घरापासून बसस्टॉपपर्यंतचा रस्ता सांगायचा, म्हणजे डावं-उजवं, पुढे-मागे, पिंपळाजवळ, देवळासमोर हे सगळं येतं. काल काय केलं ते सांगायचं, त्यात भूतकाळ येतो. आणि समोर एक पाहुणा आहे, बाथरूममध्ये गरम पाणी येत नाही म्हणून चिडलाय, त्याला समजावायचं. तिसरा विषय तुम्ही तुमच्या कामातला घ्या, फक्त असा घ्या की ज्यात समोरच्याला काहीतरी पटवायचं असतं, कारण पाठ केलेली वाक्यं तिथे कामाला येत नाहीत.

रेकॉर्डिंग झालं की ऐकायचं नाही. हे पाळायला मला सगळ्यात कठीण गेलं. लगेच ऐकलं की फक्त चुका ऐकू येतात आणि मन खट्टू होतं. तीन महिने झाले की मग शांतपणे बसून जुनं आणि नवं लागोपाठ ऐकायचं, आणि कागदावर तीन गोष्टींच्या रेघा मारायच्या: कितीदा अडलो, कितीदा इंग्रजीत पळालो, आणि वाक्यांना जोडणारे शब्द किती आले, म्हणजे कारण, पण, जर, म्हणून. उच्चार मी मोजत नाही, स्वतःचा उच्चार स्वतःला नीट मोजताच येत नाही.

माझं पहिलं रशियन रेकॉर्डिंग आहे त्यात अकरा तुटक वाक्यं आहेत, मधेच "हॉट वॉटर" इंग्रजीत, आणि मागे मोटारपंपाचा आवाज. तीन महिन्यांनंतरच्यात शब्द काही फार वाढलेले नव्हते, मला तर तो अख्खा मौसम वायाच गेलाय असं वाटत होतं. पण लागोपाठ ऐकल्यावर कळलं की नव्यात "पतमूश्ता" चार वेळा आलाय, म्हणजे "कारण". पाणी गरम नाही कारण वीज गेली होती, वीज गेली होती कारण काल पाऊस झाला. वाक्यं एकमेकांना धरून चालायला लागली होती. शब्दांच्या आकड्यात हे कधीच दिसलं नसतं, तासांत तर नाहीच, आणि ते ऐकताना मला जो आनंद झाला तो कुठल्या साखळीने झाला नव्हता.

प्रत्येक भाषेला सगळ्या परीक्षा देऊ नका

भाषेची पातळी सांगायला आपण ए१ ते सी२ म्हणतो, ती चौकट युरोप परिषदेने २००१ साली छापली, पण तिच्यात ऐकणं, वाचणं, बोलणं, लिहिणं ह्यांच्या पातळ्या वेगवेगळ्या सांगितल्यात हे आपण विसरतो आणि "माझं फ्रेंच बी१" असं एकच लेबल लावून मोकळे होतो. फ्रेंचच्या डेल्फ परीक्षेतही चार भागांना २५-२५ गुण, एकूण शंभरातले ५० पासला लागतात, पण कुठल्याही एका भागात ५ पेक्षा कमी पडले तर बाकी कितीही असोत, नापास. म्हणजे परीक्षावालेसुद्धा चार रकाने वेगळे ठेवतात. तुम्हीही ठेवा, फक्त ज्या भाषेत जो रकाना नकोय तो सरळ काट मारून बंद करा.

पोर्तुगीजचा बोलण्याचा रकाना मी बंद केला. माझ्या मोरजीच्या आयुष्यात पोर्तुगीज बोलायला कुणी भेटत नाही, मला वाचायचंय. पण वर्ष-दीड वर्ष मी दर महिन्याला पोर्तुगीज बोलून बघत होतो, जमत नव्हतं, आणि "पोर्तुगीज मागे" असं लिहीत होतो. आता तिचं माप वेगळं आहे. पणजीत पाटोला आपलं मध्यवर्ती ग्रंथालय आहे, १८३२ पासूनचं, तिथे जुनी पोर्तुगीज वर्तमानपत्रं आहेत. १९०० साली निघालेला ओ हेराल्दो तर १९८३ मध्ये इंग्रजी होईपर्यंत पोर्तुगीजच होता. सुट्टीच्या दिवशी जाऊन कुठल्याही अंकातल्या एका बातमीच्या दहा ओळी वहीत उतरवतो आणि न कळलेल्या शब्दांखाली रेघ मारतो, डिक्शनरी नंतर. पहिल्या वेळी ३८ रेघा होत्या, सहा महिन्यांनी १७, गेल्या महिन्यात ९. दर वेळी नवीन बातमी घ्यायची, तीच परत घेतली तर पाठांतर मोजलं जातं.

ह्या वर्षी मे महिन्यात ते एस्क्रितूर काढून बसलो. चतुःसीमेपर्यंत आलो, तिथे "नाशेंत" आणि "पुएंत" असे दोन शब्द. मला वर्गात पूर्व-पश्चिमेला दुसरे शब्द शिकवलेले. जरा थांबलो आणि मग लक्षात आलं, एक जन्मणारी दिशा आणि दुसरी बुडणारी, म्हणजे उगवती आणि मावळती! अगदी आपली आजी बोलते तसं. आजीला वाचून दाखवलं, उगवतीला अमक्याची वार्झिआ, म्हणजे शेत, मावळतीला पाल्मार, म्हणजे माडांचं भाट, आणि ती न थांबता म्हणाली, "हां, तिथे पूर्वी बिमलीचं झाड होतं." रकान्यात मी त्या दिवशी काय लिहिलं असेल ते सांगायला नको.

मौसमात सुटलेली भाषा परत आली की काय बघायचं

पेडण्यात हा प्रश्न सगळ्यांचाच आहे. नोव्हेंबर-डिसेंबरात श्वास घ्यायला वेळ नसतो, मोपाला विमानतळ सुरू झाल्यापासून तर पाहुणे थेट तालुक्यातच उतरतात. त्या चार-पाच महिन्यांत जी भाषा कामाला लागते तीच चालते, बाकीच्या सुटतात. जूनमध्ये वही उघडली की सगळं पुसल्यासारखं वाटतं, आणि पुष्कळ जण इथेच सोडून देतात, हे बघून मला खरंच वाईट वाटतं कारण बहुतेक वेळा पुसलं गेलेलं नसतं.

१८८५ साली हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने विस्मरणावरचे प्रयोग छापले, स्वतःवरच केलेले, अर्थ नसलेली अक्षरं पाठ करून. त्याने नुसतं "किती आठवतं" असं विचारलं नाही, विसरल्यावर तेच परत पाठ करायला पहिल्यापेक्षा किती कमी वेळ लागतो ते मोजलं. जो वेळ वाचला तेवढं आत कुठेतरी शिल्लक होतं. हेच माप आपण घ्यायचं. जूनच्या एक तारखेला मोजायचं नाही, तर मौसमाआधीच्या पातळीवर परत यायला किती दिवस लागले ते लिहायचं. माझी पोर्तुगीज पहिल्या वर्षी २४ दिवसांनी परत आली, दुसऱ्या वर्षी ११, ह्या वर्षी ६. तिन्ही वर्षं जूनच्या पहिल्या दिवशी मला सारखंच "गेलं सगळं" वाटलं होतं.

आता वहीत प्रत्येक भाषेसमोर मी तीनपैकी एक शब्द लिहितो: चालू, राखण, विश्रांती. चालू एका वेळी एकच, फार तर दोन. राखण म्हणजे एक दिवस आड दहा मिनिटं, नवीन काही नाही, जुनं वाचायचं किंवा ऐकायचं. विश्रांती म्हणजे विश्रांती, त्या भाषेचं त्या महिन्यात माप घ्यायचंच नाही. राखणीला ठेवलेल्या भाषेकडून वाढीची अपेक्षा ठेवली की मग सगळा घोळ परत पहिल्यासारखा सुरू होतो.

एवढं करूनही पुन्हा अडकलात तर

सुरुवात झपाट्याने होऊन मग थांबल्यासारखं वाटत असेल तर बहुतेक काही बिघडलेलं नाही. रोजच्या बोलण्यात तेच ते हजारभर शब्द सारखे येतात, ते झाले की पुढचे शब्द क्वचित भेटतात, त्यामुळे तेवढीच मेहनत करून फरक कमी दिसतो. अशा वेळी महिन्याची तुलना सोडा आणि सहा महिन्यांपूर्वीचं रेकॉर्डिंग काढा.

ऐकणंच येत नसेल तर त्याचं माप वेगळं घ्या, बोलण्यात धरू नका. पाहुण्यांचे व्हॉइस मेसेज येतात ना, त्यांच्या परवानगीने एक ठेवा, दोनदाच ऐका आणि काय कळलं ते मराठीत लिहा. पाहुणा सांगतोय की चादर बदला, आणि तुम्ही लिहिलंत की टॉवेल पाहिजे, तर अर्धा गुण द्या. संख्या आणि वेळ मात्र वेगळी तपासा. रशियनमध्ये दोन वाजता म्हणजे "द्वा चिसा" आणि पाच वाजता "प्यात् चिसोफ", शब्दाचं रूप आकड्याबरोबर बदलतं, आणि फ्रेंचमध्ये सत्तर म्हणजे साठ-दहा, ऐंशी म्हणजे चार-वीस, इथे भल्याभल्यांचं ऐकणं अडकतं.

आणि माप घ्यायचा वेळ अभ्यासाच्या वेळेपेक्षा वाढायला लागला तर रकाने कमी करा. मी एकदा नऊ रकाने केले होते आणि रविवार अख्खा वही भरण्यात जायचा. आता तीन गोष्टी राहिल्यात, रेकॉर्डिंग, दहा ओळी आणि गल्लतीचं पान.

ज्यांच्याकडे आज काहीच नोंद नाही त्यांनी पुढच्या एक तारखेची वाट बघू नका, आज रात्रीच दोन-दोन मिनिटं बोलून ठेवा, अभ्यास उद्यापासून. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग भाषा टाका म्हणजे फोनमध्ये आपोआप ओळीने लागतात, आणि एक प्रत दुसरीकडे कुठेतरी ठेवा. माझा फोन दोन वर्षांपूर्वी जुलैच्या पावसात भिजला आणि फ्रेंचची पहिली आठ रेकॉर्डिंग्ज गेली, तेव्हा फ्रेंचच्या सुरुवातीचं माझ्याकडे आज काहीच नाही.